पेनड्राइव्ह रिकामा केला, पण पुसलेलं गेलं कुठं?



आपल्या या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल, तहांबद्दल आणि माणसांबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. तो तुमच्या शर्टाच्या खिशात किंवा किल्ल्यांच्या जुडग्यात असेल. बोटाएवढा पेनड्राइव्ह. त्यात जागा कशी करायची, एवढाच साधा प्रश्न. पण या साध्या प्रश्नानं मला गेल्या वर्षी चांगलंच कोंडीत पकडलं. मग सवयीप्रमाणे मी त्याचा इतिहास शोधायला लागलो. त्यातून हाती आलं ते सांगतो.

मी निवृत्तीनंतर वडोदऱ्यात राहतो. गेल्या वर्षी एका व्याख्यानाचं चित्रीकरण पाठवायचं होतं, म्हणून टेबलाच्या खणातून १६ जीबीचा एक जुना पेनड्राइव्ह काढला. लावून पाहिला तर आत दोनचार किरकोळ फाइली. त्या काढून टाकल्या. आता आत काहीच दिसत नव्हतं. चित्रीकरण टाकायला गेलो, तर संगणक म्हणाला, जागा अपुरी आहे. पुन्हा पाहिलं. पेटी उघडली तर रिकामी, वजन केलं तर भरलेली. असला प्रकार मी नोकरीत फक्त क्वार्टर मास्टरच्या स्टोअरमध्ये पाहिला होता, तोही उलटा. तिथे वही भरलेली असायची आणि फळी रिकामी.

पुतणी आली होती. तिनं लपलेल्या फाइली दाखवायची कळ दाबली आणि हसली. म्हणाली, "काका, तुम्ही हा कधी मॅकवर वापरला होता का?" पाच वर्षांपूर्वी मुलाच्या मॅकवर वापरला होता खरा. त्या वेळी नको असलेलं सगळं मी कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर ओढून टाकलं होतं आणि पेनड्राइव्ह काढून घेतला होता. डबा रिकामा करायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. मॅकवर पेनड्राइव्हमधली फाइल टाकून दिली की ती त्याच पेनड्राइव्हवर 'ट्रॅशेस' नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. डबा रिकामा करेपर्यंत ती तिथेच राहते आणि जागाही अडवते. पाच वर्षं मी माझा कचरा खिशात घालून हिंडत होतो.

त्या कचऱ्यात दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, आमच्या पलटणीतल्या एका सुभेदारसाहेबांची मुलाखत. सात तुकड्यांत केलेलं चित्रीकरण. १९७१ साली ते विशीतले शिपाई होते. मोर्चावरचे पंधरा दिवस त्यांनी मला त्यांच्या अंगणात बसून सांगितले होते. मी ते संगणकावर घेतलं, पेनड्राइव्हवरचं टाकून दिलं आणि पुढे त्या संगणकाची डिस्क बंद पडली. सुभेदारसाहेब वारले. त्यांच्या मुलाला मी हात जोडून सांगितलं होतं की माझ्या हातून ते गेलं. ते गेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, पाच वीरनारींच्या पेन्शनचे कागद. अर्ज भरायला मदत केली होती तेव्हाचे. खाते क्रमांक, ओळखपत्रं, पत्ते, सगळं. काम झाल्यावर मी ते जबाबदारीनं काढून टाकलं होतं, असं मी समजत होतो. आणि त्यानंतर हाच पेनड्राइव्ह मी छपाईच्या दुकानांत, सायबर कॅफेत, एका शाळेच्या संगणकात लावला होता. तिथल्या कुणीही शोधला असता तर तो फोल्डर उघडला असता.

मंडळी, जे जपायचं होतं ते गेलं म्हणून मी रडलो होतो, आणि जे नष्ट करायचं होतं ते गेलं म्हणून निर्धास्त होतो. दोन्ही वेळा चुकलो. नशिबानं दोन्ही चुका अंगावर आल्या नाहीत. पण नशीब ही काही योजना नव्हे.

खरवडलेलं चामडं

जागा करण्यासाठी पुसणं ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडे आकडेमोड धुळीच्या पाटीवर करत. पाटीवर धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं आकडे काढायचे, हातानं फिरवून पुसायचे. म्हणून जुन्या ग्रंथांत आकडेमोडीला 'धूलिकर्म' असा शब्दच आहे. तिथे पुसलं की खरोखर पुसलं जाई. धुळीला आठवण नसते.

चामड्याला मात्र असते. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये कुणीतरी आर्किमिडीजचे ग्रंथ चर्मपत्रावर उतरवून काढले. चर्मपत्र महाग. एका पोथीला जनावरांचा कळप लागायचा. १२२९ साली एका लेखनिकाला प्रार्थनेची पोथी लिहायची होती. त्यानं ही जुनी पानं सोडवली, शाई धुतली, खरवडली, पानं आडवी फिरवून मधोमध दुमडली आणि त्यावर प्रार्थना लिहिल्या. आजच्या भाषेत त्यानं जागा मोकळी केली. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला आर्किमिडीज नको होता, पानं हवी होती.

१९०६ साली डॅनिश अभ्यासक हायबर्ग यांनी ती पोथी पाहिली. प्रार्थनेच्या ओळींखाली फिकट ग्रीक अक्षरं होती. भिंगानं त्यांनी जमेल तेवढी वाचली. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती पोथी २० लाख डॉलरला गेली आणि पुढची दहा वर्षं बॉल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात तिच्यावर काम झालं. वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश, मग क्ष-किरण. आर्किमिडीजचा 'मेथड' हा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये आज फक्त याच पानांवर आहे. पुसलेल्या पानांवर.

हे उदाहरण मुद्दाम देतोय. लेखनिकानं मनापासून खरवडलं होतं, तरी ७०० वर्षांनी वाचता आलं. आपण संगणकावर 'डिलीट' दाबतो तेव्हा तर कुणी खरवडतही नाही.

हजेरीपट आणि बरॅक

आता थोडं तंत्र. घाबरू नका, बरॅकचं उदाहरण देतो.

समजा एक लांबलचक बरॅक आहे, शेकडो खाटांची. दारात हवालदाराकडे एक हजेरीपट आहे. कोणता जवान कोणकोणत्या खाटांवर, ते त्यात लिहिलेलं. पेनड्राइव्हमध्ये असाच एक पट असतो. साध्या पेनड्राइव्हवर बहुधा 'फॅट' नावाच्या पद्धतीचा. ही पद्धत मूळ १९७७ सालची, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनाल्ड यांनी बसवलेली. पुढे डॉसमधून ती जगभर गेली आणि आजही तिचीच वंशावळ चालू आहे.

फाइल पुसा म्हटल्यावर संगणक काय करतो? पटावरच्या त्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण घालतो आणि त्या खाटा 'रिकाम्या' म्हणून नोंदवतो. बस. जवान खाटेवर तसाच झोपलेला असतो. त्याला कुणी उठवत नाही. नवा माणूस आला आणि त्याला नेमकी तीच खाट मिळाली, तरच जुन्याची उचलबांगडी होते.

त्या खुणेचीही एक गोष्ट आहे. संगणकाच्या आकड्यांच्या भाषेत ती 'ई५' अशी लिहितात. डॉसच्या आधी गॅरी किल्डॉल यांची सीपीएम नावाची प्रणाली होती. त्या काळच्या आठ इंची फ्लॉपी कारखान्यातून यायच्या त्या सगळीकडे ई५ भरूनच. त्यामुळे ज्या जागी ई५ दिसेल ती जागा कोरी, असा संकेत ठरला. फाइल पुसली की तिच्या नोंदीवरही तीच खूण घालायची. म्हणजे पुसलेली जागा ही कधी लिहिलीच नव्हती, असं सोंग घ्यायचं. डॉसनं तो संकेत उचलला आणि आजच्या पेनड्राइव्हपर्यंत तो आला.

असं का केलं? आळशीपणा म्हणून नव्हे. तेव्हा डिस्क सावकाश चालायच्या. एक लांब फाइल खरोखर पुसायची म्हणजे ती लिहायला लागला तेवढाच वेळ पुसायला. त्यापेक्षा पटावर एक खूण केली की काम झालं. तो निर्णय त्या काळी शहाणपणाचा होता. फक्त तो वापरणाऱ्याला कुणी सांगितला नाही.

ज्यांना तो कळला त्यांनी त्यावर धंदा उभा केला. १९८२ साली पीटर नॉर्टन यांनी पुसलेली फाइल परत आणणारा कार्यक्रम विकायला काढला आणि तो तुफान चालला. पुढे १९९१ सालच्या डॉस ५ मध्ये ती सोय आतच आली. तिच्यातली एक गंमत मला फार आवडते. फाइल सापडायची, पण नावाचं पहिलं अक्षर खोडलेलं असल्यामुळे संगणक विचारायचा, पहिलं अक्षर कोणतं होतं ते सांगा. म्हणजे यंत्राला सगळं आठवतंय, फक्त सुरुवात तुम्ही आठवायची. पलटणीच्या मेळाव्यात म्हाताऱ्या जवानांचं असंच होतं. नावाचं पहिलं अक्षर कुणी सांगितलं की पुढचं सगळं धडाधड बाहेर येतं.

कचऱ्याचा डबा ही त्यावरची पुढची सोय. १९८४ च्या मॅकिंटॉशवर तो होता, विंडोजवर १९९५ साली आला. हात चुकला तर माघार घेता यावी, एवढाच हेतू. पण पेनड्राइव्हच्या बाबतीत दोघांचं वागणं वेगळं. मॅक डबा पेनड्राइव्हवरच ठेवतो. विंडोज पेनड्राइव्हमधलं सहसा डब्यात टाकतच नाही, थेट पटावरून नाव खोडतं. त्यामुळे एकीकडे जागा मोकळी होत नाही आणि दुसरीकडे चूक सुधारायची संधी मिळत नाही. एकाच वस्तूला दोन वेगळ्या फौजांचे नियम.

नावातच पुसणं

आता बरॅकच्या भिंतींकडे वळू. पेनड्राइव्हच्या आत जी चिप असते तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. हे 'फ्लॅश' नाव कशावरून आलं असेल? वेगानं लिहितात म्हणून? नाही. वेगानं पुसतात म्हणून.

त्याआधीची कथा अशी. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी एक चिप केली, जिच्यात भरलेली माहिती वीज गेली तरी राहायची आणि पुसताही यायची. पण पुसण्यासाठी चिपच्या पाठीवर काचेची खिडकी ठेवलेली असे. त्या खिडकीतून जंबुपार किरण बराच वेळ सोडायचे, की आतलं सगळं पुसलं जायचं. पुढे विजेनं एकेक अक्षर पुसता येणाऱ्या चिप आल्या, पण त्यांची रचना गुंतागुंतीची आणि किंमत जास्त.

जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे अभियंते होते. त्यांनी सौदा केला. एकेक अक्षर पुसायचा हट्ट सोडून द्यायचा. पुसायचं तर मोठा पट्टाच्या पट्टा एकदम पुसायचा. मग रचना सोपी होते, चिप लहान होते, किंमत उतरते. १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडलं. एका झटक्यात पुसणं पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, आणि ते नाव राहिलं. १९८७ साली त्याच गटानं नँड प्रकारची फ्लॅश मांडली. आज तुमच्या पेनड्राइव्हमध्ये, फोनमध्ये आणि कॅमेऱ्याच्या कार्डात तीच असते.

या सौद्याची किंमत आपण अजून मोजतोय. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसायचं तर पूर्ण बरॅक एकदम. एका खाटेचा जवान बदलायचा तर बाकीच्यांना दुसऱ्या बरॅकमध्ये हलवायचं, मग ही धुऊन काढायची. शिवाय प्रत्येक धुण्यानं भिंत थोडी झिजते. काही हजार वेळा पुसलं की तो भाग निकामी होऊ लागतो. म्हणून आतली नियंत्रक चिप स्वतःच्या सोयीनं जागा फिरवत राहते. तुम्हाला वाटतं तुम्ही जुन्या फाइलवर नवी लिहिली. प्रत्यक्षात तिनं नवी दुसरीकडे ठेवलेली असू शकते आणि जुनी कोपऱ्यात पडून असते. म्हणूनच हार्ड डिस्कवरची एखादी फाइल वर वर लिहून पुसण्याच्या ज्या जुन्या युक्त्या आहेत, त्यांच्यावर फ्लॅशच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी चिप उघडून तपासलं आणि हेच दाखवलं.

चिपला बाहेरच्या जगाशी जोडणारं दार म्हणजे यूएसबी. १९९६ सालचा तो मानक इंटेलच्या ज्या चमूतून पुढे आला त्याचे प्रमुख अजय भट्ट. ते आमच्या वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. त्या विद्यापीठावरून जाताना मी नातवाला हे दर वेळी सांगतो आणि तो दर वेळी "माहितेय आजोबा" म्हणतो. दार तयार झाल्यावर चार वर्षांत पेनड्राइव्ह आला. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनं आपला थंबड्राइव्ह दाखवला. त्याच वर्षाच्या अखेरीस इस्रायलच्या एम-सिस्टिम्सनं केलेला पेनड्राइव्ह आयबीएमनं विकायला काढला. पहिला कोण, यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या आयबीएमच्या पेनड्राइव्हमध्ये जागा होती ८ एमबी. आज आपण हसू, पण फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. पाच फ्लॉपींपेक्षा जास्त माल एका काडीत.

काडी लहान, पराभव मोठा

फौजी माणसाला यातलं पुढचं प्रकरण चटकन कळतं. सैन्यात गोपनीय कागद नष्ट करायचा म्हणजे फाडून टोपलीत टाकायचा नसतो. अधिकाऱ्यांचं बोर्ड बसतं. यादी वाचतात, कागद मोजतात, समोर जाळतात, राख काठीनं ढवळून तिचा चुरा करतात. मग प्रमाणपत्रावर सह्या होतात. तरुण असताना मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. राखेला काठी कशाला? आता कळतं. जळलेल्या कागदाची राख अखंड राहिली तर तिच्यावरची अक्षरं वाचता येतात. काठीनं ढवळेपर्यंत कागद नष्ट झालेला नसतो.

पेनड्राइव्हच्या राखेला आपण काठी लावत नाही. २००३ साली एमआयटीचे सिम्सन गार्फिंकेल आणि अभी शेलट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या. त्यातल्या नीट पुसलेल्या फक्त १२ होत्या. बाकीच्यांत लोकांची पत्रं, आजारपणाचे कागद, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक. विकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी त्या फॉरमॅट केल्या होत्या. त्यांच्या मते डिस्क रिकामी होती.

२००६ साली अफगाणिस्तानात बग्राम तळाबाहेरच्या बाजारात तळावरून चोरलेले पेनड्राइव्ह उघड विकायला होते. अमेरिकी वार्ताहरांनी ते विकत घेऊन पाहिले तर आत लष्करी कागद, आणि अमेरिकनांना खबरा देणाऱ्या अफगाणांची नावं. ही माणसं शेजारच्या गावात राहत होती. बातमी छापून आल्यावर सैनिक त्याच बाजारात फिरून स्वतःच्याच फौजेचे पेनड्राइव्ह रोख पैसे मोजून परत घेत होते. आणि २००८ साली मध्यपूर्वेतल्या एका तळावर कुणीतरी एक पेनड्राइव्ह लष्करी लॅपटॉपला लावला. त्यातला घातक कार्यक्रम अमेरिकी लष्कराच्या गोपनीय जाळ्यापर्यंत पोचला. पेंटागॉननं पेनड्राइव्ह वापरायलाच बंदी घातली, ती पुढे २०१० साली थोडी सैल केली. आपण पेनड्राइव्ह आत लावतो तेव्हा फक्त आपली फाइल लावत नाही. त्याचा सगळा पूर्वेतिहास लावतो.

उलट बाजू

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग जाळा सगळं. थांबा. पुसण्याच्या इतिहासाची दुसरी बाजू जास्त दुखरी आहे.

जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला. तिथून आलेलं मूळ दूरदर्शन संकेतांचं मुद्रण ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या केंद्रांवर मोठ्या फितींवर झालं होतं. जगानं घरी जे पाहिलं त्यापेक्षा ते स्पष्ट होतं. अनेक वर्षांनी शोध सुरू झाला. २००९ साली नासानं जाहीर केलं की त्या फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कुणाचा कट नव्हता. फितींचा तुटवडा होता, आणि यादीत त्या फक्त 'जुन्या फिती' होत्या. जागा हवी होती.

आपल्या घरांतही हेच झालं. वाड्यांच्या माळ्यांवर मोडीतल्या कागदांचे रुमाल पडलेले. मोडी वाचणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ते कागद म्हणजे अडचण. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून असे कागद गोळा करत हिंडले. १८९८ साली त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला, त्यात पानिपतापूर्वीच्या दशकातली पत्रं आहेत. पुढे असे २२ खंड निघाले. तिकडे तंजावरात मराठी राजांच्या दरबाराचे मोडी कागद आहेत. त्यात खर्चाच्या, देण्याघेण्याच्या साध्या नोंदीही आहेत. तेव्हाच्या कारकुनाला सांगितलं असतं, की बाबा, जागा कर, तर त्यानं आधी काय फेकलं असतं? तीच फुटकळ यादी. आणि आज त्या यादीवरून अभ्यासक त्या काळचं जगणं उभं करतात.

म्हणून सरकारी कागदांना कायदा आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो की ठरलेल्या पद्धतीशिवाय सरकारी अभिलेख नष्ट करायचा नाही, आणि १८९२ पूर्वीचा तर, तो पार वाचण्यापलीकडे गेला असेल तरच. २०२१ साली संरक्षण मंत्रालयानं युद्धविषयक नोंदी जपण्याचं, त्यावरून इतिहास लिहिण्याचं आणि साधारण २५ वर्षांनी त्या खुल्या करण्याचं धोरण जाहीर केलं. फार चांगलं झालं. पण सुभेदारसाहेबांचे पंधरा दिवस कोणत्या कायद्यात बसतात? ते कोणत्याच युद्ध डायरीत नाहीत. ते माझ्या पेनड्राइव्हवर होते, आणि मी जागा करायला बसलो होतो.

मग करायचं काय

भाषणाच्या शेवटी आदेश द्यायची माझी खोड जात नाही. तेव्हा ऐका.

पहिलं. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो पण जागा नाही, असं झालं तर लपलेल्या फाइली दाखवायला सांगा. मॅकवर वापरला असेल तर तिथेच लावून कचऱ्याचा डबा रिकामा करा. बहुतेक वेळा हरवलेली जागा तिथेच सापडते. पण रिकामा करण्याआधी आत डोकवा. मी डोकावलो म्हणून सुभेदारसाहेब परत आले.

दुसरं. चुकून काही पुसलं गेलं तर हात वर करा. त्या पेनड्राइव्हवर पुढे एक अक्षरही लिहू नका. खाट दुसऱ्याला मिळेपर्यंत जवान तिथेच आहे. पेनड्राइव्ह काढून ठेवा आणि जाणत्याकडे द्या.

तिसरं. दुसऱ्याची गुपितं, म्हणजे खाते क्रमांक, ओळखपत्रं, आजारपणाचे कागद, पेनड्राइव्हवर ठेवायचीच असतील तर सुरुवातीपासून सांकेतिक कुलूप लावून ठेवा. नंतर पुसण्यावर विसंबू नका. कुणाला देण्याआधी झटपट नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. झटपट फॉरमॅट म्हणजे नुसता हजेरीपट नवा करणं. आणि खरोखर नाजूक काही असेल तर पेनड्राइव्ह देऊच नका. आतली चिप फोडा. ती आपली काठी.

चौथं. पेनड्राइव्ह ही वाहतुकीची गाडी आहे, कोठार नव्हे. चिपमधला विजेचा भार वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो. जपायचं ते किमान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि दुसरी प्रत उघडून पाहिल्याशिवाय पहिली पुसू नका. मी ती उघडून पाहिली नव्हती.

माझ्या पेनड्राइव्हचं काय झालं, ते सांगून थांबतो. सातही तुकडे मी उतरवून घेतले, उघडून पाहिले, आणि दोन प्रती केल्या. एक माझ्याकडे, एक सुभेदारसाहेबांच्या मुलाला नेऊन दिली. त्यानं वडिलांचा आवाज सुरू केला आणि घरातली सगळी मंडळी कामं टाकून बाहेर आली. पाचही वीरनारींना मी फोन केला. माझ्याकडून हलगर्जी झाली, खात्यावर लक्ष ठेवा, असं सांगितलं. एक ताई म्हणाल्या, "साहेब, एवढं मनाला लावून घेऊ नका." मी म्हटलं, "लावून घ्यायलाच हवं."

मग अंगणात बसून तो पेनड्राइव्ह फोडला. शेजारी पुतणी उभी होती. तिला म्हटलं, साक्षीदार म्हणून सही कर. तिला वाटलं, काका गंमत करतायत. वहीच्या पानावर तारीख घातली, दोघांनी सह्या केल्या. ते पान अजून माझ्याकडे आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.